कुंपणाबाहेरची शिडी

गेल्या महिन्यात वर्गणी भरण्याच्या निमित्ताने आमच्या एक जुन्या वाचक-भगिनी कार्यालयात आल्या होत्या. तीन पिढ्या बडोद्यात काढलेले कुटुंब. थोरला मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक, नातवंडे तिकडेच जन्मलेली. चहा घेता घेता बोलणे अमेरिकेच्या सरहद्दीवर एकट्या सापडणाऱ्या आणि सरकारी छावण्यांत अडकून पडणाऱ्या मुलांवर आले. काकू जरा थांबून म्हणाल्या, "तुमचे सगळे खरे हो. पण आमची मुले रांगा लावून, रीतसर व्हिसा घेऊन गेली. आणि मला सांगा, कोणत्या आईबापांनी आपले पोर असे एकटे परक्या देशात लोटावे? त्यांना कोंडले म्हणून तिथली माणसे रस्त्यावर येतात, याचेच मला नवल वाटते. त्यांची ती कोण लागतात?"

काकूंना त्या वेळी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. काहीतरी बोललो, पण ते बोलणे आमचे आम्हांलाच पटले नाही. त्यांचा प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता. ज्या घरातले एक तरी माणूस परदेशी आहे अशा पुष्कळ मराठी घरांत तो कधी ना कधी उच्चारला गेला असेल. त्यात वस्तुतः दोन प्रश्न आहेत. पहिला, आईबाप मुलांना एकटे पाठवितात तरी का? दुसरा, ज्यांचे त्या मुलांशी काहीच नाते नाही अशी माणसे त्यांच्यासाठी उन्हातान्हात का उभी राहतात? महिनाभर आम्ही या दोन्ही प्रश्नांचा मागोवा घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

ही मुले बहुतांशी मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या तीन लहान देशांतली. १९८० च्या दशकात एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला यादवी युद्धांनी होरपळून निघाले. पुढे युद्धे थांबली, तरी शांतता आली नाही. वस्त्यावस्त्यांवर गुंडांच्या टोळ्यांचा अंमल बसला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला टोळीत ओढावे, तो नाही म्हणाला तर त्याच्या जिवावर बेतावे. मुलींची गत याहूनही वाईट. त्यात शेती पिकेना आणि हाताला काम मिळेना. अशा कित्येक मुलांचे आई-वडील, मामा किंवा मावशी आधीच अमेरिकेत जाऊन हॉटेलांत, शेतांत, बांधकामांवर राबत असतात आणि मूल गावी आजीजवळ वाढत असते. एके दिवशी आजी थकते, किंवा दाराशी धमकी येते. मग घरातली माणसे कर्ज काढून पोराला वाटेला लावतात. २०१४ च्या एका आर्थिक वर्षात अमेरिकेच्या नैर्ऋत्य सरहद्दीवर अशी ६८ हजारांहून अधिक एकटी मुले सापडली. एवढ्या आईबापांच्या काळजाला एकाच वर्षी पाझर फुटेनासा झाला, असे मानणे कठीण आहे. घरी ठेवणे आणि दूर पाठविणे या दोहोंत ज्यात मूल जगण्याची आशा अधिक, ते त्यांनी निवडले, इतकेच.

ही गोष्ट आपल्या अनुभवापलीकडची आहे काय? आमच्या वाचकांपैकी किती जणांचे आजोबा-पणजोबा कोकणातून किंवा देशावरून दहा-बारा वर्षांचे असताना एकटेच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर गाठून आले, हे आठवून पाहावे. हाती एक ट्रंक, खिशात दूरच्या काकांच्या नावाची चिठ्ठी. स्टेशनवर काका न्यायला आले, की मूल घरी पोहोचले. आता कल्पना करावी की त्या स्टेशनवर शिपायाने पोराला धरून एका खोलीत बसविले आणि काकांना सांगितले, "तुम्ही चालणार नाही, याचा बापच आला पाहिजे. आणि तुम्ही स्वतः या शहरात कोणत्या हक्काने राहता, तेही आधी दाखवा." बाप तिकडे गावी, काका भयाने निमूट परत गेलेले, आणि मूल त्या खोलीत दिवस मोजीत बसलेले. अमेरिकेतील या सगळ्या प्रकरणाचे मर्म या एवढ्याशा चित्रात आहे.

त्याची न्यायालयीन कहाणी १९८५ साली सुरू होते. एल साल्वादोरहून आलेली पंधरा वर्षांची एक मुलगी कॅलिफोर्नियात पकडली गेली. भोवती काटेरी तारा ओढलेल्या एका मोटेलात, अनोळखी प्रौढ स्त्रीपुरुषांबरोबर तिला ठेवण्यात आले; अंगावरचे कपडे उतरवून झडतीही घेण्यात आली. तिच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. परंतु खात्याचा नियम असा, की मूल सोडावयाचे ते केवळ आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या हाती. नात्यातले दुसरे कोणी चालावयाचे नाही. आणि आईबापच कागदपत्रांविना राहत असतील तर त्यांनी त्या दाराशी यावे कसे? काही वकिलांनी तिच्या आणि तिच्यासारख्या इतर मुलांच्या वतीने दावा लावला. तिच्या आडनावावरून तो 'फ्लोरेस' खटला म्हणून ओळखला जातो. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. तरी वकिलांनी पिच्छा सोडला नाही आणि अखेर १९९७ साली सरकारबरोबर लेखी तडजोड झाली. तिचा सारांश असा, की मुलाला विनाकारण अडकवून ठेवू नये. आईबाप नसतील तर आजी, मावशी, मोठा भाऊ अशा जवळच्या नातेवाइकाकडे लवकरात लवकर सोपवावे. ठेवणे भागच पडले तर कमीत कमी बंधने असलेल्या, सुरक्षित आणि स्वच्छ जागी ठेवावे. पुढे २००२ साली अशा मुलांची देखभाल पोलिसी वळणाच्या खात्याकडून काढून निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे देण्यात आली, आणि सरहद्दीवरील चौकीतून मूल बहात्तर तासांच्या आत या कार्यालयाच्या हवाली करावे, असे २००८ च्या कायद्याने ठरविले.

कायदा पाहिला तर वाईट नाही. तो वाकवावयाचा कसा, हे २०१८ साली दिसले.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने सरहद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर खटला भरण्याचे धोरण जाहीर केले. त्यापायी आईबापांना तुरुंगात आणि त्यांच्याबरोबर आलेल्या लेकरांना वेगळ्या आश्रयगृहात धाडण्यात आले; ती लेकरे कागदोपत्री एकाएकी 'एकटी' ठरली. जगभर आक्रोश झाल्यावर जूनमध्ये ते थांबविण्याचा हुकूम निघाला आणि सॅन डिएगोचे न्यायाधीश डॅना सॅब्रॉ यांनी मुले तीस दिवसांत आईबापांना परत देण्याचा आदेश दिला. पुढे हिशेब लागत गेला तेव्हा अशी ताटातूट झालेली मुले पाच हजारांच्या वर भरली. या गोष्टीचा बोभाटा पुष्कळ झाला. मात्र त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडत होती. तिचा आवाज लहान असल्यामुळे ती फारशी कोणाच्या कानी गेली नाही.

खरोखरच एकट्या आलेल्या मुलांना न्यावयास जे नातेवाईक पुढे येत, त्यांच्या घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या बोटांचे ठसे घेण्याची अट त्याच उन्हाळ्यात घालण्यात आली आणि ती माहिती परकीयांना हद्दपार करणाऱ्या खात्याला मिळू लागली. मुलाला न्यावयास आलेल्या किंवा त्याच्यासाठी अर्ज केलेल्या दीडशेहून अधिक लोकांना त्या वर्षी अटकही झाली. मग कोणती मावशी पुढे येईल? मुलांचा मुक्काम लांबला, आश्रयगृहे भरली, आणि सरकारने टेक्सासच्या वाळवंटात, मेक्सिकोच्या सीमेलगत, टॉर्निलो येथे तंबू ठोकले. जूनमध्ये काही शे मुलांसाठी महिनाभराची सोय म्हणून ही छावणी सुरू झाली. डिसेंबरात तिथे सत्तावीसशेहून अधिक मुले होती. बहुतेक तेरा ते सतरा वर्षांची. देशभरच्या आश्रयगृहांतून मुलांना मध्यरात्री उठवून तिकडे हलविल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या. रीतसर शाळा नाही. अशा तात्पुरत्या तंबूत एका मुलामागे दिवसाला सुमारे ७७५ डॉलर खर्च येतो, असे सरकारी अधिकाऱ्यांच्याच हवाल्याने छापून आले. कायमच्या आश्रयगृहातील खर्चाच्या तो जवळजवळ तिप्पट होता. मावशीच्या घरी हेच मूल फुकट राहिले असते.

डिसेंबर २०१८ मध्ये घरातील प्रत्येकाचे ठसे घेण्याची अट सैल करण्यात आली. काही आठवड्यांतच नातेवाईक आले, मुले गेली, आणि जानेवारीच्या मध्यावर टॉर्निलो रिकामे झाले. मुलांना कोणी नव्हते म्हणून ती तिथे नव्हती. त्यांना न्यावयास येणाऱ्यांना भिवविले होते, म्हणून ती तिथे होती.

आता काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

टॉर्निलोच्या छावणीबाहेर २०१८ च्या ऑक्टोबरपासून एक गृहस्थ आपली राहण्याची मोटारगाडी उभी करून राहिले होते. ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले, म्हणजे दोन हजार मैलांवरचे. हातात फलक घेऊन दारापाशी उभे राहावे, कोणत्या बसगाड्या आत गेल्या नि कोणत्या बाहेर आल्या ते टिपावे, आणि संध्याकाळी ते लोकांना कळवावे, एवढाच त्यांचा उद्योग. आपण साक्षीला आलो आहोत, असे ते सांगत. हळूहळू आणखी माणसे येऊन मिळाली. नाताळच्या दिवसांत तर कित्येकांनी आपला सण घरी न करता त्या वाळवंटात मुक्काम ठोकला आणि आतल्या मुलांना ऐकू जावीत म्हणून कुंपणाशी उभे राहून नाताळची गाणी म्हटली.

टॉर्निलो बंद झाले, तेव्हा हेच लोक फ्लोरिडात मायामीजवळच्या होमस्टेड या गावी गेले. तिथली छावणी नफ्यासाठी चालणाऱ्या एका कंपनीकडे सोपविलेली होती आणि २०१९ मध्ये तिची क्षमता तीन हजारांच्या पुढे नेण्यात आली होती. कुंपणावर आडोसा असल्याने बाहेरच्यांना आतले काही दिसत नसे. तेव्हा या मंडळींनी घरून रंगकामाच्या शिड्या आणल्या. शिडीवर चढून, पुठ्ठ्याची कापलेली मोठी लाल हृदये हातांत धरून ती माणसे मुलांना हात करीत. 'तुम्ही एकटी नाही' अशा अर्थाची वाक्ये स्पॅनिश भाषेत फलकांवर लिहिलेली असत. मैदानात रांगेने चाललेली मुले कधी हात हलवून उत्तर देत. पुढे अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे उमेदवारही येऊन त्या शिड्यांवर चढले, छायाचित्रे निघाली, आणि ऑगस्ट २०१९ पर्यंत होमस्टेडमधील मुले हलविण्यात आली. या दिवसांतली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. आश्रयगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले, की कित्येकदा त्याच दिवशी त्याला प्रौढांच्या कोठडीत नेत असत. ज्या दिवशी आपण मुलाला औक्षण करतो, त्या दिवसाची तिथल्या मुलाने धास्ती घ्यावी!

शिड्या लावून काय साधते, असे कोणी म्हणेल. आत काय चालले आहे हे बाहेर कळते, एवढे तर साधतेच. जून २०१९ मध्ये फ्लोरेस तडजोडीने दिलेल्या हक्कानुसार काही वकील टेक्सासमधील क्लिंट येथील सरहद्द पोलिसांच्या ठाण्यात गेले, तेव्हा बहात्तर तासांची मर्यादा केव्हाच उलटून गेलेली शेकडो मुले तिथे आढळली. आठ-दहा वर्षांच्या मुली, नात्यागोत्याच्या नसलेल्या तान्ह्या मुलांना सांभाळीत होत्या. अंगावर मळके कपडे. साबण नाही, दात घासण्यास ब्रश नाही. योगायोग असा, की त्याच आठवड्यात, १८ जूनला, सॅन फ्रान्सिस्को येथील अपील न्यायालयात सरकारी वकील युक्तिवाद करीत होत्या, की तडजोडीत 'सुरक्षित आणि स्वच्छ' असे शब्द आहेत खरे, परंतु साबण, ब्रश आणि झोपण्याची सोय यांचा त्यांत नावानिशी उल्लेख नाही. समोर तीन न्यायाधीश बसले होते. त्यांतले वॉलेस ताशिमा यांनी विचारले, की साबण आणि पांघरूण नसेल तर ती जागा सुरक्षित आणि स्वच्छ म्हणता येत नाही, ही गोष्ट कोणालाही समजण्यासारखी नाही काय?

हा प्रश्न विचारणारे न्यायमूर्ती ताशिमा लहानपणी स्वतः काटेरी तारांआड राहिलेले होते. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या वाळवंटातील पोस्टन येथील छावणीत त्यांचे कुटुंब ठेवलेले होते.

तो इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांना घरेदारे, दुकाने, शेते टाकून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते, म्हणजे काकूंच्या शब्दांत सांगावयाचे तर अगदी 'रीतसर' होते. त्यांच्या कागदपत्रांत काही उणे नव्हते. पण वेळ आली तेव्हा कागदांनी त्यांना तारले नाही. या छावण्यांपैकी मान्झानार येथे तर एक अनाथालयच होते. 'मुलांचे गाव' असे त्याला नाव. किनाऱ्यावरच्या अनाथालयांतून आणि दत्तक घरांतून जपानी रक्ताची मुले वेचून तिथे आणण्यात आली; त्यांत तान्ही बाळेही होती. एकूण १०१ मुले त्या अनाथालयातून गेली. आईबाप नसलेल्या तान्ह्या बाळापासून देशाला कोणता धोका होता, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. १९८८ साली अमेरिकेने कायदा करून या लोकांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले.

जून २०१९ मध्ये सरकारने जाहीर केले, की ओक्लाहोमा राज्यातील फोर्ट सिल या लष्करी तळावर एकट्या आलेल्या १४०० मुलांना ठेवण्यात येईल. या तळाची जुनी ओळख फारशी चांगली नाही. अपाचे लोकांचा पुढारी जेरोनिमो येथेच कैदेत असताना १९०९ साली वारला. १९४२ साली सातशेच्या आसपास जपानी पुरुष येथे डांबलेले होते. त्यांतला हवाई बेटांवरून आणलेला अकरा मुलांचा बाप भ्रमिष्टासारखा कुंपण चढू लागला, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला गोळी घालून मारले. आता त्याच जागी मुले येणार, हे वाचून छावण्यांत बालपण घालविलेले ते वृद्ध स्त्रीपुरुष अस्वस्थ झाले. त्यांच्यापैकी काहींनी त्या वर्षीच्या मार्चमध्येच एक गट स्थापन केला होता. जपानी भाषेत 'त्सुरू' म्हणजे बगळ्यासारखा क्रौंच पक्षी. कागदाच्या घड्या घालून तो करण्याची त्यांची जुनी चाल आहे, आणि तो शांतीचे चिन्ह मानतात. टेक्सासमधील डिली येथे आयांना मुलांसह ठेवलेले होते. तिथल्या कुंपणाला बांधण्यासाठी या गटाने लोकांकडे दहा हजार कागदी क्रौंच मागितले. आले ते त्याच्या दुपटीहून अधिक.

२२ जूनला ही मंडळी फोर्ट सिलच्या दाराशी आली. जेमतेम दोन डझन माणसे. कित्येक ऐंशीच्या घरातली. त्यांत १९४४ साली तुली लेक येथील छावणीतच जन्मलेल्या मानसोपचारतज्ज्ञ सात्सुकी इना होत्या. कैदेचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे त्यांनी आयुष्यभर व्यवसाय म्हणून पाहिले होते आणि घरच्या अनुभवातूनही त्यांना ते ठाऊक होते. लष्करी पोलिसांनी येऊन जरबेने निघून जाण्यास फर्माविले. म्हातारी माणसे हलली नाहीत. आम्हांला यापूर्वी पुष्कळ वेळा हलविले गेले आहे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते. मग एकेकाने उभे राहून आपल्या बालपणाची हकीकत सांगितली, आणि कोणालाही अटक न करता पोलीस बाजूला झाले. महिन्याभराने, २० जुलैला, त्याच दाराशी शेकडो लोक जमले. त्यांत त्या भूमीचे मूळ रहिवासीही होते, कारण त्यांच्या आजा-पणजांनाही लहानपणी आईबापांपासून तोडून सरकारी शाळांत कोंडले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत फोर्ट सिलचा बेत स्थगित करण्यात आला.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. ती बहुधा तक्रार म्हणून वापरतात. इतरांना आमचे दुःख काय कळणार, असा तिचा सूर असतो. फोर्ट सिलच्या दाराशी आलेल्या वृद्धांनी तिचा दुसरा अर्थ दाखविला. ज्याला कळले, त्याच्यावर काही जबाबदारी येते. सात्सुकी इना आणि त्यांचे सोबती सांगत, की १९४२ साली आमच्यासाठी असे कोणी दाराशी उभे राहिले नव्हते. काकू, तुम्ही विचारले होते, त्यांची ती कोण लागतात? याहून नेमके उत्तर आम्हांला सापडले नाही.

या निषेधांना यश आले, असे म्हणावे काय? टॉर्निलो रिकामे झाले, होमस्टेड रिकामे झाले, फोर्ट सिल टळले, हे खरे. त्याच बरोबर हेही खरे, की २०१४ साली एका पक्षाचे सरकार असताना याच फोर्ट सिलवर काही काळ मुले ठेवली होती आणि त्या वेळी कोणी फारसे ओरडले नव्हते. २०२१ साली पुन्हा सरकार पालटलेले असतानाही टेक्सासमधील फोर्ट ब्लिस या तळावरच्या मोठमोठ्या तंबूंत चार हजारांहून अधिक मुले होती. २०२५ साली नातेवाइकांच्या कागदपत्रांच्या अटी पुन्हा इतक्या कडक झाल्या, की पूर्वी महिन्याभरात घरी जाणारी मुले कित्येक महिने अडकून पडली. त्याच वर्षी सुमारे २६ हजार मुलांना मिळणाऱ्या सरकारी वकिली मदतीचा निधी तोडण्यात आला आणि तो चालू ठेवण्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. तात्पर्य, हे एका पुढाऱ्याचे किंवा एका पक्षाचे पाप नव्हे. कुंपण सोयीचे असते. ते कोणत्याही सरकारला सोयीचे वाटते. आणि म्हणून शिडीही माळ्यावर टाकून चालत नाही.

मुलांच्या प्रकृतीविषयी तर वादाला जागाच नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली स्पष्ट लिहिले, की थोड्या काळाची कैददेखील मुलांना सुरक्षित आहे, असा कोणताही पुरावा नाही. दुसऱ्या वर्षी त्या संस्थेच्या अध्यक्षा डॉ. कॉलीन क्राफ्ट यांनी टेक्सासमधील एक आश्रयगृह पाहिले. तिथे एक चिमुरडी हमसून हमसून रडत होती. आणि तिला उचलून जवळ घेण्याची तेथील बाईंना मुभा नव्हती. खेळणी होती, पुस्तके होती. कडेवर घेणे मात्र नियमात बसत नव्हते.

एकट्या मुलांना ठेवून घेण्याची दुसरी रीतही आहे, आणि ती आपल्याच मुलखाने एकदा दाखविलेली आहे. १९४२ साली, सोव्हिएट रशियात हद्दपारीत पडलेली पोलंडची अनाथ, अर्धअनाथ मुले मालमोटारींतून इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली, तेव्हा नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे आपल्या जागेत शेकडो मुलांची सोय केली. त्यांना शाळा दिली, आणि मुले त्यांना 'बापू' म्हणू लागली. पाठोपाठ कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत उभी राहिली. १९४३ पासून पाच वर्षे सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, तिथे राहिली. शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, बाजारहाटाला कोल्हापुरात जाणे-येणे होते. ती मुले म्हातारी झाल्यावरही दुरून आपले ते गाव पाहण्यास येत. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. ही मुले व्हिसा घेऊन आलेली नव्हती. युद्धाचे दिवस होते, धान्याची टंचाई होती, आणि मुलूखही श्रीमंत नव्हता.

आपल्या गुजरातेतली अलीकडची गोष्टही विसरता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातील डिंगुचा गावचे एक कुटुंब कॅनडातून अमेरिकेत चोरवाटेने जाताना बर्फात गोठून मेले. त्यात एक मुलगी होती आणि तीन वर्षांचा मुलगा होता. तेव्हा आपण सर्वांनीच हळहळ व्यक्त केली. त्या लेकरांनी कागद का नेले नाहीत, असे कोणी विचारले नाही. विचारणे शक्यच नव्हते, कारण ती आपली होती. होंडुरासहून आलेले मूलही कोणाचे तरी तसेच आपले असते.

सरहद्द राखू नये, असे आम्ही म्हणत नाही. कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, आणि मोठ्या माणसांचे वाद मोठ्यांच्या न्यायालयांत खुशाल चालावेत. परंतु वेशीवर मूल एकटे सापडले, तर त्याला विचारावयाचा पहिला प्रश्न 'तुझे कागद कुठे आहेत' हा नसून 'तुला न्यायला कोण येईल' हा आहे. आणि जो न्यावयास येईल त्याला भिवविणे म्हणजे मुलालाच कोंडणे होय. आम्हांला या साऱ्यातून कळले ते एवढेच.

काकूंना हा अंक पोचेल. त्यांना सगळेच पटेल, अशी आमची अपेक्षा नाही; तसे त्या आम्हांला पुढच्या भेटीत सांगतीलच. त्यांचा मुलगा आता तिथला नागरिक आहे, त्याला तिथे मताचा अधिकार आहे, आणि न्यू जर्सीतही असे दरवाजे असतील. आमच्या इतर वाचकांचीही मुले-सुना-जावई तिकडे आहेत. त्यांना पुढच्या वेळी दूरध्वनीवर हवापाणी आणि नातवंडांच्या परीक्षा विचारून झाल्या, की हेही एकदा विचारावे. आणि इथे, आपल्याच स्टेशनावर एखादे मूल बाकड्यावर एकटे बसलेले दिसले, तर त्याला चोर समजून हाकलण्याआधी त्याच्याशेजारी बसून त्याचे नाव विचारावे, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदतीच्या क्रमांकावर कळवावे. तेवढ्याला शिडीही लागत नाही.